ज्यू धर्म, समलैंगिकता आणि मतभेदाचा आदर

समलिंगी संबंधांविषयी ज्यू धर्मशास्त्रात होत गेलेला विचारबदल, आणि त्या वादात विरोधी मताला मिळालेले स्थान. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेलेले बेने इस्राएल हे मराठीभाषक ज्यू असल्याने महाराष्ट्राचाही या विषयाशी जवळचा संबंध आहे.

शास्त्राधार : तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातील लेवीय ग्रंथात (18:22 आणि 20:13) पुरुषांमधील शरीरसंबंध निषिद्ध ठरवले आहेत. स्त्रियांमधील संबंधांचा तेथे उल्लेख नाही. तो निषेध पुढच्या धर्मपंडितांनी मांडला. मात्र याच परंपरेने मतभेदही जपून ठेवले. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या धर्मकायद्याच्या संहितेत हिल्लेल आणि शम्माई या दोन पंडितांच्या पीठांची मते शेजारी शेजारी नोंदलेली आहेत. मिश्नावरील चर्चा नोंदवणाऱ्या तालमूद ग्रंथाच्या छापील पानावर मधोमध मूळ मजकूर आणि त्याला वेढून वेगवेगळ्या शतकांतील भाष्ये असतात. हरलेल्या पक्षाचे म्हणणे तेथून खोडले जात नाही.

विचारबदल : अमेरिकेतील सुधारणावादी पंथाच्या रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) परिषदेने 1977 मध्ये समलिंगी संबंध गुन्हा मानू नयेत, अशी भूमिका घेतली. 1990 मध्ये समलिंगी व्यक्तींना रब्बीपद खुले करण्यास तिने मान्यता दिली. 2000 च्या ठरावाने समलिंगी जोडप्यांचे विधी करणाऱ्या रब्बींना पाठिंबा दिला; ते न करणाऱ्यांच्या निर्णयाचाही आदर राखला. कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मकायदा समितीने 6 डिसेंबर 2006 रोजी परस्परविरोधी निर्णय एकाच वेळी ग्राह्य ठरवले. एकाने मानवी प्रतिष्ठेच्या तत्त्वावर बहुतेक निर्बंध उठवले, तर दुसऱ्याने जुना निषेध कायम ठेवला. पंचवीस सदस्यांच्या समितीत दोन्हींना प्रत्येकी 13 मते पडली, म्हणजे किमान एका सदस्याने दोन्ही बाजूंना कौल दिला. निर्णयानंतर चार सदस्यांनी राजीनामे दिले. ऑर्थोडॉक्स पंथ निषेधावर ठाम आहे. तरी 2010 मध्ये त्यातील अनेक रब्बींनी समलिंगी व्यक्तींना सन्मानाने वागवण्याचे जाहीर निवेदन काढले.

मराठी ज्यूंचा अनुभव : बेने इस्राएलांमध्ये रब्बींची परंपरा नव्हती, प्रार्थना हजान (प्रार्थनाप्रमुख) चालवत. पोहे, ओले खोबरे आणि फळांचा मलिदा मांडून एलियाहू हन्नबीचे (प्रेषित एलियाचे) स्मरण करण्याची त्यांची रीत इतर ज्यूंहून वेगळी आहे. या वेगळेपणाची किंमत त्यांना इस्राएलमध्ये मोजावी लागली. 1962 मध्ये तेथील मुख्य रब्बी पीठाने बेने इस्राएलांच्या विवाहाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. समाजाने आंदोलन केले आणि 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. मुंबईत त्याआधीच, 1925 मध्ये, डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने ज्यू रिलिजस युनियन ही उदारमतवादी संस्था उभी राहिली होती. पारंपरिक सिनेगॉगांच्या (ज्यू प्रार्थनागृहांच्या) शहरात तिने वेगळ्या उपासनेची वाट मोकळी केली.

मुंबई उपनगरे : मुंबईच्या जुन्या वस्तीतून बेने इस्राएल कुटुंबे कुर्ल्यात आणि मुलुंडपलीकडे ठाण्यात स्थिरावली, ठाण्याचे सिनेगॉग 1879 चे आहे. समलिंगी हक्कांची चळवळही याच उपनगरांत रुजली: सांताक्रूझ पूर्वेतील वाकोला भागात हमसफर ट्रस्टने समलिंगी व्यक्तींच्या आरोग्यासाठी आणि हक्कांसाठी काम उभे केले. ही संस्था 1994 मध्ये स्थापन झाली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात मात्र समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता दिली नाही.

महत्त्व : आपल्या लग्नाआधी पूर्वजांचा हिशेब मागितला जाण्याचा अपमान बेने इस्राएलांनी सोसला आहे. म्हणून समलिंगी ज्यूंचा प्रश्न मराठी वाचकाला दूरचा वाटू नये. समाजाबाहेर न ढकलता आपले म्हणणे ऐकून घेतले जावे, ही दोघांचीही मागणी आहे. मतभेद पानावर जपणाऱ्या धर्माने मतभेद असणाऱ्या माणसालाही आपल्या प्रार्थनागृहात जागा द्यावी, हा या वादाचा गाभा आहे.