लॅक्स्टन

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशर परगण्यातील, शेरवुड जंगलाच्या पूर्वेचे एक शेतकरी खेडे. मध्ययुगीन खुल्या शेतांची पद्धत इथे आजही रोजच्या कामाचा भाग म्हणून चालू आहे. इंग्लंडमध्ये इतक्या पूर्णपणे ती इतरत्र कुठेच टिकली नाही.

नॉर्मन विजयानंतर, 1086 च्या ‘डूम्सडे’ नोंदवहीत गावाचा उल्लेख येतो. उत्तरेच्या टेकाडावर त्या काळातील मातीच्या गढीचे उंचवटे आहेत. पुढे शेरवुडच्या राजवनाची राखणदारी वंशपरंपरेने असलेल्या एव्हरिंगहॅम घराण्याकडे गाव होते. लॅक्स्टनचे खरे महत्त्व मात्र गढीत नसून शिवारात आहे. साउथ फील्ड, वेस्ट फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन मोठी शेते कुंपणाविना पसरलेली असून प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे तिन्हींत विखुरलेले असतात. एका शेतात गहू, दुसऱ्यात वसंतातील पीक, तिसरे पडीक, अशी पाळी दरवर्षी फिरते. जमीन विखुरलेली असल्याने शेतावर राहण्यात अर्थ नव्हता, म्हणून जुनी शेतघरे गावच्या रस्त्यालाच लागून आहेत. नांगरता न येणाऱ्या ओलसर घळींत गवत राखले जाते. त्यांना ‘साइक’ म्हणतात. त्यांतील रानफुलांमुळे त्या संरक्षित आहेत.

1635 मध्ये जमीनदार सर विल्यम कोर्टन याने मार्क पिअर्सकडून गावाची मोजणी करून घेतली. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातील त्या नकाशात पट्टान्‌पट्टा आहे, शिवाय नांगरणारी आणि कापणी करणारी माणसेही रेखाटलेली आहेत. गावाच्या इतिहासाचे याहून बोलके साधन नाही.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या कायद्यांनी इंग्लंडमधील खुल्या जमिनी कुंपणात गेल्या आणि कित्येक लहान शेतकरी व मजूर सामायिक हक्कांना मुकले. लॅक्स्टनची शेते वाचली. विसाव्या शतकाच्या आरंभी पट्टे जोडून मोठे केले गेले, तरी गावाचा शिरस्ता मोडला नाही.

हा शिरस्ता ‘कोर्ट लीट’ या गावसभेच्या हाती आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस तिचे पंच गहू पेरलेल्या शेतात फिरतात, हद्दीच्या खुंट्या ठोकतात आणि कुणी बांध कोरून रस्त्यात किंवा गवतात नांगर घातला आहे का, ते पाहतात. आठवड्याभराने डव्हकोट इन या खानावळीत कोर्ट भरते, दंड ठरतात आणि नवे पंच शपथ घेतात. 1977 च्या न्यायप्रशासन कायद्याने अशा बहुतेक जुन्या कोर्टांचे अधिकार संपवले, पण लॅक्स्टनचे राखले. ते योग्यच झाले: हा रिवाज देखावा नाही, शेजाऱ्याशेजाऱ्यांतील जमिनीचा व्यवहार त्यावर चालतो.

तोवर गावचे जमीनदार असलेल्या अर्ल मॅनव्हर्सच्या घराण्याकडून 1952 मध्ये कृषी मंत्रालयाने ही जमीनदारी विकत घेतली. 1981 मध्ये ती क्राउन इस्टेट या राजसत्तेची मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेली, तर 2020 मध्ये त्याच घराण्याच्या थोर्सबी इस्टेटकडे परतली.