घाटमार्ग आणि पेट्रोल मालमोटारीचा मॅनिफोल्ड

८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालेल्या भोर संस्थानाच्या अखेरच्या काळात पश्चिम महाराष्ट्रातील मालमोटारी बहुतांशी पेट्रोलवर चालत. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत जुळणीचा कारखाना काढला. तिच्या शेव्हरोले गाड्यांस १९२९ पासून सहा सिलिंडरांचे एंजिन आले. त्यात जळलेला वायू बाहेर नेणारा बिडाचा मॅनिफोल्ड मिश्रण आत नेणाऱ्या मॅनिफोल्डास मध्यभागी जोडलेला असे. कार्ब्युरेटरमधून आलेले पेट्रोलचे तुषार त्या उष्णतेने वायुरूप व्हावेत, हा त्यामागील हेतू.

भोरहून महाडकडे जाणारा वरंधा घाट किंवा वेल्ह्याकडील चढणी येथे मात्र हाच गुण दोषरूप होतो. पूर्ण भाराने दीर्घकाळ चालणाऱ्या एंजिनात अतितप्त मिश्रण प्रसरण पावते, सिलिंडरात कमी भरते व शक्ती घटते. वारंवार तापून निवल्याने बीडही तडकते. मॅनिफोल्ड दुभागून पुढील तीन व मागील तीन सिलिंडरांस स्वतंत्र नळ्या देणे, हा यावरील उपाय. १-५-३-६-२-४ या प्रज्वलनक्रमात दोन्ही गट आळीपाळीने येतात. म्हणून एकाच्या वायूस दुसऱ्याचा अडथळा होत नाही. परंतु मधली उष्णता समूळ तोडली, तर गुंजण मावळातील पावसाळी गारठ्यात पेट्रोलचे थेंब थेंबच राहतात. तात्पर्य, खरी सुधारणा उष्णतेच्या उच्चाटनात नसून नियमनात आहे.

१९५४ मध्ये टाटांनी डायमलर-बेंझच्या सहकार्याने डिझेल मालमोटारी काढल्या. डिझेल दाबलेल्या तप्त हवेतच फवारले जात असल्याने त्या एंजिनांपुरता हा पेच उरला नाही.