नगरधनची राणी

नागपूरहून जबलपूरकडे जाताना मनसरला महामार्ग सोडला, की ट्रकांचा आवाज मागे पडतो आणि सायकलसमोर रामटेकचा डोंगर येतो. सगळे गडाकडे वळतात. दक्षिणेला काही किलोमीटरवर नगरधन आहे, तिकडे थोडेच जातात. अभ्यासक यालाच वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन मानतात. सुमारे १६०० वर्षांपूर्वी पती दुसरा रुद्रसेन वारल्यावर प्रभावतीगुप्ता हिने लहान मुलांच्या वतीने राज्य चालवलं. ती दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नंदिवर्धनहून दिलेल्या ताम्रपटात ती आधी माहेरची गुप्त वंशावळ देते आणि गोत्रही माहेरचंच, धारण, सांगते. लग्नानंतर आडनाव बदलायचं का, यावर आपल्या घरांत अजून वाद चालतात. तिने उत्तर तांब्यावर कोरून ठेवलंय.