मुंबई कोणत्या पुस्तकातून पाहावी?

महाडच्या माणसाला मुंबईचे गाइड लागत नाही, असे मी परवापरवापर्यंत समजत होतो. आमच्याकडे मुंबई ही पाहायची जागाच नाही. ती नोकरीची, दवाखान्याची, पासपोर्टची, लग्नाच्या खरेदीची जागा आहे. महाड-पोलादपूरच्या प्रत्येक मोहल्ल्यातले निदान एक घर कुर्ल्याला, माहीमला नाहीतर मुंब्र्याला असते. एस.टी.तून उतरायचे, मामूच्या किंवा खालाच्या घरी पिशव्या टाकायच्या, काम उरकायचे आणि परतीची गाडी धरायची. इतकी वर्षे ये-जा करूनही आम्ही मुंबई पाहिलेली नाही, हे घरात पहिल्यांदा बोलून दाखवले ते बेगमने. मे महिन्याच्या सुट्टीत ती म्हणाली, "यंदा कुणाच्या घरी पाहुणे म्हणून जायचे नाही. चार दिवस शहर पाहायला जाऊ. तुम्ही इतिहास शिकवता ना, मग काय काय पाहायचे ते ठरवा."

ठरवायचे म्हणून मी पुस्तकांच्या दुकानात गेलो. तीन गाइडे समोर आली. एक इंग्रजी, जाडजूड, रंगीत चित्रांचे. एक हिंदी, पातळ. एक मराठी, आत घडीचा नकाशा असलेले. निवडायचे कसे? मी एक सोपी परीक्षा लावली. ज्या भागात आमची माणसे दोनशे वर्षांपासून राहत आली, त्या भेंडीबाजार ते माहीम या पट्ट्याबद्दल पुस्तक काय सांगते ते पाहायचे. इंग्रजी पुस्तकाने रमजानमध्ये तिथे कबाब खावेत असे सुचवले होते आणि लगेच पुढच्या ओळीत पाकीट सांभाळण्याचा सल्ला दिला होता. हिंदी पुस्तकात हाजी अली होते, पुढे काही नव्हते. मराठी पुस्तकात जामा मशिदीचे नाव होते, पण यादीत, पत्त्यापुरते. तिन्ही पुस्तके खाली ठेवली आणि रिकाम्या हाताने बाहेर पडलो. पुढे महिनाभर जुनी गाइडे धुंडाळत बसलो, तेव्हा कळले की गाइड निवडणे ही साधी गोष्ट नाही. शहरातले काय दिसावे आणि काय दिसू नये, हे आपण पोहोचण्याआधीच कुणीतरी ठरवून ठेवलेले असते.

उर्दू शाळेतला मास्तर असल्याने शहराचे पुस्तक म्हटले की मला आधी 'आसारुस्सनादीद' आठवते. सय्यद अहमद खान, म्हणजे पुढचे सर सय्यद, तेव्हा दिल्लीत मुन्सिफ होते, वय तिशीचे. कचेरीला सुट्टी लागली की ते शहराबाहेर पडत आणि पडक्या इमारती, मकबरे, मशिदी मोजत, शिलालेख उतरवून घेत. अनेकदा सोबतीला दिल्ली कॉलेजात फारसी शिकवणारे मौलाना इमामबख्श सहबाई असत. कुतुबमिनारावरची उंच अक्षरे खालून वाचता येईनात, तेव्हा दोन बल्ल्यांच्या मध्ये शिंके बांधून त्यात बसून सय्यद साहेब वर गेले. ते वर लटकलेले असताना खाली सहबाईंचा चेहरा भीतीने पांढरा पडे, ही हकिकत हालींनी 'हयाते जावेद'मध्ये नोंदवली आहे. सुट्टीचा असा उपयोग करणारे दोघे, एक न्यायखात्यातला आणि एक मास्तर. मला हे चित्र फार आवडते.

पुस्तक १८४७ साली भावाने सुरू केलेल्या छापखान्यातून निघाले. त्याचे चार भाग होते. शहराबाहेरच्या इमारती, लाल किल्ला, शहाजहानाबाद, आणि चौथा भाग दिल्लीच्या माणसांचा. त्यात सूफी होते, हकीम होते, आलिम, खुशनवीस, शायर, गवई होते. गालिब होते, खुद्द सहबाईही होते. म्हणजे वाचणाऱ्याला इमारत पाहून झाल्यावर त्या गावात कुणाला भेटावे तेही कळत होते. १८५४ साली दुसरी आवृत्ती निघाली. ती इंग्रज अधिकाऱ्यांच्या सूचनांनुसार कालक्रमाने मांडलेली, भाषेने साधी, संशोधनाच्या दृष्टीने अधिक काटेकोर होती. युरोपात तिचे कौतुक झाले, गार्सां द तासी यांनी १८६१ साली फ्रेंचमध्ये भाषांतर केले, लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने सर सय्यदना सन्माननीय सदस्यत्व दिले. पण या सुधारलेल्या आवृत्तीत चौथा भाग नाही. माणसे गाळली गेली.

आणि तीनच वर्षांनी १८५७ आले. सहबाई आपल्या मुलांसह इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. किल्ल्याभोवतालची वस्ती सुरुंग लावून साफ करण्यात आली, अकबराबादी मशीद जमीनदोस्त झाली. आज ती मशीद कशी होती हे जाणायचे तर सर सय्यदांचेच पुस्तक उघडावे लागते. सुट्टीत फिरून लिहिलेले गाइड दहा वर्षांत मृत्युपत्रासारखे झाले. पुढच्या इंग्रजी गाइडांनी दिल्लीच्या प्रवाशाला आवर्जून नेले ते काश्मिरी दरवाजा, रिज आणि निकल्सनच्या कबरीकडे. शहर तेच, पण त्या पुस्तकांतली दिल्ली ही वेढा घालून जिंकलेली दिल्ली होती.

आता मुंबईकडे येतो. मुंबईलाही असाच एक मास्तर मिळाला. गोविंद नारायण माडगावकर १८१५ साली मडगावला जन्मले, लहानपणी मुंबईत आले, स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि तिथेच शिकवू लागले. त्यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली प्रसिद्ध झाले. मराठीत एखाद्या शहरावर एवढे मोठे पुस्तक त्याआधी नव्हते. त्या पुस्तकात देवळे-तलाव आहेत तसे बाजार, छापखाने, शाळा, कापडाच्या गिरण्या, १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावलेली आगगाडी, हे सारे आहे. परगावाहून आलेल्या माणसाला शहराची एकेक गोष्ट समजावून सांगावी, अशी त्याची रीत आहे. मास्तरकीची सवय, दुसरे काय! ती मलाही आहे.

वर्ष मात्र नीट पाहावे. १८६३. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा भाव चढलेला, मुंबईत पैशाचा पूर आलेला, किल्ल्याचा कोट पाडण्याचे काम चाललेले. दोनच वर्षांनी शेअरबाजार कोसळला आणि त्याच वर्षी माडगावकरही वारले. त्यांनी वर्णिलेले तटबंदीचे शहर त्यांच्या डोळ्यांदेखत नाहीसे होत होते. पुढे न. र. फाटकांनी हे पुस्तक पुन्हा संपादित करून वाचकांपुढे आणले म्हणून ते आपल्या हाती राहिले. १८८९ साली बाळकृष्ण बापू आचार्य आणि मोरो विनायक शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' आला, तोही याच परंपरेतला.

इंग्रजांची गाइडे वेगळ्या गरजेतून निघाली. लंडनच्या मरे कंपनीने मद्रास आणि मुंबई इलाख्यांचे हँडबुक १८५९ साली काढले. ते लिहिणारा एडवर्ड ईस्टविक हा उर्दूचा मोठा जाणकार. 'बाग-ओ-बहार' आणि 'गुलिस्तां' दोन्ही त्याने इंग्रजीत आणले होते. तरी त्याच्या हँडबुकाचा वाचक म्हणजे बोटीतून उतरून पुढच्या मुक्कामी जाणारा साहेब. १८७५ पासून 'बॉम्बे गॅझेट'चा संपादक मॅक्लीन याचे मुंबईचे गाइड निघू लागले, त्याच्या बऱ्याच आवृत्त्या झाल्या. शहराचा इतिहास, आकडेवारी आणि वर्णन असा त्याचा थाट. उपयोगी पुस्तके होती ती, यात वाद नाही.

पण याच काळात मुंबईला सगळ्यात जास्त प्रवासी येत असत त्यांत आमचे हाजीही होते, आणि त्यांचे गाइड निराळे होते. १८८६ साली हिंदुस्थान सरकारने हाजींच्या प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे सोपवली होती. नफा होईना म्हणून १८९३ साली कंपनीने ते काम सोडले. हाजी मात्र येतच राहिले, मुंबईहून समुद्रमार्गे हजला जाणे १९९५ पर्यंत चालू होते. आमच्या घरातले पहिले गाइड हेच. दादी मोगल लाइनच्या जहाजाने हजला गेली तेव्हा बरोबर नेलेली उर्दू पुस्तिका अजून कपाटात आहे. छापलेला मजकूर दुआंचा आणि अरकानांचा. समासात मात्र दादांनी पेन्सिलीने लिहिले आहे: साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात वरच्या मजल्यावर हवा चांगली, क्रॉफर्ड मार्केटातून लिंबे घेणे, बोटीवर पाण्यासाठी झाकणाचा डबा. छापलेले सगळ्यांसाठी होते. समासातले दादीसाठी होते, आणि तिने ते जास्त वापरले असणार, कारण तेच कोपरे बोटांनी काळवंडले आहेत.

इथे जंजिऱ्याची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या या संस्थानच्या नाझली बेगम १९०८ साली नवाबसाहेबांबरोबर युरोपात गेल्या आणि त्या प्रवासावर त्यांनी उर्दूत 'सैरे यूरोप' लिहिले. त्यांची बहीण अतिया फैजी त्याआधी १९०६ मध्ये शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेली होती, आजच्या भाषेत बी.एड.च म्हणा. तिची रोजनिशी लाहोरच्या 'तहजीबे निस्वाँ'मध्ये छापून येई आणि १९२१ साली 'जमाना-ए-तहसील' या नावाने पुस्तकरूपाने निघाली. घराबाहेर पडू न शकणाऱ्या किती बायकांनी त्यातून लंडन पाहिले असेल. ही काही गाइडे नव्हेत, पण प्रवासाच्या पुस्तकात बाईची नजर आली की काय काय दिसू लागते ते त्यांत कळते.

जुन्या पुस्तकांच्या नादात मुंबईची माझी स्वतःची यादी तयार होत गेली. तिच्यात पहिली जामा मशीद. १७७५ साली काम सुरू झाले, १८०२ साली पुरे झाले. कोकणी मुसलमानांच्या जमातीची ही मशीद जुन्या तळ्यावर उभी आहे. आत पाणी आणि पाण्यात मासे. तिचा वरचा मजला महंमद अली रोघे या कोकणी व्यापाऱ्याने बांधून दिला. हे रोघे चीनच्या व्यापारात जमशेटजी जीजीभॉय यांचे भागीदार होते. जे. जे. हॉस्पिटलचे नाव प्रत्येक गाइडात सापडते. रोघेंचे नाव मला दुकानातल्या तिन्ही पुस्तकांत मिळाले नाही. दुसरे ठिकाण बोरीबंदर. स्टेशनची इमारत २००४ पासून जागतिक वारसा आहे आणि प्रवासी रस्त्यापलीकडे उभे राहून तिचा फोटो काढतात. काढताना पाठ असते ती अंजुमन-ए-इस्लामच्या १८९३ च्या इमारतीकडे. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजींबरोबर अंजुमन उभारणाऱ्यांत रोघे घराण्यातलेच नाखुदा महंमद अली होते. तिसरे माहीम, मखदूम अली माहिमींची दर्गाह. चौदाव्या-पंधराव्या शतकातला हा आलिम अरबीत कुरआनची तफसीर लिहून गेला. गाइडात फक्त उरुसाची गर्दी असते.

तक्रार करायला सोपे आहे. आमच्या गावाचे गाइड मी लिहायला घेतले तर मी तरी काय ठेवीन? हल्लीच्या पुस्तकांत महाड म्हणजे रायगडाच्या वाटेवरचे जेवणाचे ठिकाण. पोलादपूर म्हणजे महाबळेश्वरचा फाटा. फार झाले तर कवींद्र परमानंदांची समाधी आणि तानाजींचे उमरठ. चवदार तळे असते, २० मार्च १९२७ ही तारीखही असते. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डॉ. आंबेडकरांच्या परिषदेला गावात कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने स्वतःची जमीन मांडवासाठी दिली आणि मनुस्मृतीचे दहन त्या जागेवर झाले, हे प्रवाशाला कोण सांगतो? मी स्वतः वर्गात चवदार तळ्याचा धडा किती वर्षे शिकवला, आणि फत्तेखानांचे नाव घ्यायला मला नोकरीची नऊ वर्षे लागली. मुंबईच्या गाइडवाल्यांना मी कोणत्या तोंडाने बोलू?

शेवटी आम्ही ते घडीच्या नकाशाचे मराठी पुस्तकच घेतले. नकाशा बरा होता, हे एक कारण. दुसरे कारण बेगमने सांगितले. माझी यादी तिने शांतपणे वाचली आणि विचारले, "यात बायकांनी कुठवर आत जायचे, वुजू कुठे करायचा, मुलीला बाथरूमला न्यायचे झाले तर कुठे, हे सर सय्यदांनी लिहिलेय की माडगावकरांनी?" मला उत्तर देता आले नाही. ती म्हणाली, "मग समास रुंद असलेले पुस्तक घ्या."

चार दिवस पुस्तक तिच्याच पिशवीत होते. परत आल्यावर उघडून पाहिले. रोघेंचे नाव जामा मशिदीच्या ओळीपुढे मीच लिहिले होते. बाकीचे समास तिच्या बारीक उर्दू अक्षराने भरले होते. बोरीबंदरच्या पानावर लिहिले आहे: अंजुमनच्या फाटकाजवळ सकाळी सावली, मुलांना इथे बसवावे.