चौथ्या घातातला ‘चार’ कुठून आला?

आयआरसी:३७ प्रमाणे डांबरी रस्त्याची जाडी काढायची, तर आधी ट्रकचे अ‍ॅक्सल मोजून त्यांचं ‘प्रमाण अ‍ॅक्सल’मध्ये रूपांतर करावं लागतं. जोडचाकांच्या सिंगल अ‍ॅक्सलवरचा भार ८० किलोन्यूटननं भागायचा आणि उत्तराचा चौथा घात घ्यायचा. म्हणजे भार दुप्पट, तर नुकसान सोळा पट. एम.टेक.ला आपण हे सूत्र पाठ करतो. पण ८० का आणि ४ का?

८० सोपं आहे. अमेरिकेच्या १९५६ च्या महामार्ग कायद्यानं इंटरस्टेटवर सिंगल अ‍ॅक्सलला १८,००० पौंडांची मर्यादा घातली होती. तेच आपले ८० किलोन्यूटन.

‘चार’ मात्र इलिनॉय राज्यातल्या ऑटावा गावाजवळून आला. तिथे आशो रोड टेस्टसाठी सहा लूप बांधले: डांबरी आणि काँक्रीट मिळून ८३६ तुकडे, वेगवेगळ्या जाडीचे. १९५८ च्या हिवाळ्याच्या तोंडावर ट्रक सुरू झाले, ते १९६० च्या नोव्हेंबरअखेर थांबले. चालवणारे लष्कराचे जवान. एकूण सुमारे ११ लाख १४ हजार अ‍ॅक्सल-फेऱ्या. (लूप १ वर एकही ट्रक नाही, नुसत्या हवामानानं काय होतं ते पाहायला.)

मला यातला सर्वांत धाडसी भाग वेगळाच वाटतो. रस्ता ‘खराब’ झाला म्हणजे काय, हे आधी ठरवावं लागलं. माणसांचं एक पॅनेल गाडीतून रस्त्यांवर फिरलं आणि त्यांनी ० ते ५ गुण दिले. मग केरी आणि आयरिक यांनी त्या गुणांची सांगड खडबडीतपणा, भेगा, ठिगळं आणि चाकोरी यांच्या मोजमापांशी घातली. निर्देशांक १.५ वर आला की तुकडा बाद. म्हणजे आपल्या सूत्राच्या मुळाशी बसणाऱ्याला लागणारे हादरे आहेत!

या आकडेवारीवर समीकरणं बसवली, आणि वेगवेगळ्या अ‍ॅक्सलची तुलना केल्यावर घातांक चारच्या आसपास निघाला. तो भौतिकशास्त्राचा नियम नव्हे. एकच चिकणमाती, एकच हवामान, दोन वर्षं. डांबरी तुकडे तर मुख्यतः वसंतात, जमिनीतलं बर्फ वितळून माती मऊ झाल्यावर, खचले. आपल्या काळ्या मातीला बर्फ माहीत नाही. तिची दुखणी पावसाळ्यातली. आणि आपण डिझाइन करतो ते ५०-१०० दशलक्ष अ‍ॅक्सलसाठी.

आता आयआरसी:३७ ची २०१८ ची आवृत्तीच पुढे वाचा. तिथे डांबरी थराच्या फटीग समीकरणात स्ट्रेनचा घातांक ३.८९ आहे, चाकोरीच्या समीकरणात ४.५३३७. रूपांतर मात्र सरसकट ४ नंच. त्याच वर्षी केंद्रानं चार टायरच्या सिंगल अ‍ॅक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली. भार वाढला १२.७ टक्के. स्ट्रेन भाराच्या प्रमाणात वाढतो असं धरलं, तर चौथ्या घातानं एका फेरीचं नुकसान सुमारे ६२ टक्के वाढतं, ३.८९ नं ६० आणि ४.५३ नं ७२ टक्के. भरलेल्या ट्रकनं गजबजलेल्या रस्त्यावर ६२ आणि ७२ मधला फरक म्हणजे आयुष्यातली काही वर्षं.