यूएसबी डॅक, सुवाह्य

मोबाइल किंवा लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टमध्ये जोडून वायरीच्या हेडफोनवर ऐकण्यासाठी वापरायचे, खिशात मावणारे उपकरण. फाइलमधील अंकरूप ध्वनीचे बदलत्या विद्युत् दाबात रूपांतर करणे आणि हेडफोनचा पडदा हलेल इतकी शक्ती त्या दाबामागे उभी करणे, ही दोन्ही कामे ते करते. दुकानात ते डोंगल किंवा नुसते ‘सी-टाइप जॅक’ म्हणून मागितले जाते. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून ३.५ मिमी. जॅक गेला, पाठोपाठ इतर महागड्या फोनांतूनही तो नाहीसा झाला आणि त्या पोकळीत ही बाजारपेठ वाढली. त्याआधी २०१२ मध्ये आलेल्या ऑडिओक्वेस्ट कंपनीच्या ‘ड्रॅगनफ्लाय’ने पेनड्राइव्हएवढा डॅक लोकप्रिय केला होता. संगणकाच्या घड्याळावर विसंबून न राहता डॅकने आपल्या घड्याळाच्या तालावर माहिती मागवून घ्यायची, ही असमकालिक पद्धत त्यात होती. आज ती साध्या डोंगलातही असते.

निवड करताना बहुतेक जण चिप कोणती, किती बिट, किती किलोहर्ट्झ इथून सुरुवात करतात. ही सुरुवात उलट्या टोकाची आहे. रूपांतराचा प्रश्न अभियांत्रिकीने बऱ्याच अंशी सोडवलेला आहे. ॲपलचा छोटा पांढरा यूएसबी-सी जॅक स्वतंत्र मोजमापांत कितीतरी पट महाग उपकरणांच्या जवळ जातो. फरक पडतो तो हेडफोनमुळे, ऐकण्याच्या जागेमुळे आणि मूळ ध्वनिमुद्रणामुळे. म्हणून निवडही याच क्रमाने करावी.

जागेचे उदाहरण नाशिककरांना रोजचे आहे. नाशिक रोडहून सकाळी मुंबईला नेणारी पंचवटी एक्सप्रेस प्रवाशाला साडेतीन तासांच्या आसपासची बैठक देते, आणि पासधारकांतले कितीतरी जण तो वेळ कानात काहीतरी घालून काढतात. चाकांचा खडखडाट, पंखे, फेरीवाले आणि शेजारची चर्चा यांच्या वर संगीत चढवायचे असते. सीडीच्या १६ बिट ध्वनीत सर्वांत हलक्या आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर राहू शकते. डब्यात त्यातला हलका भाग गोंगाटाखाली बुडतो, मग डॅक कितीही उंची असो. अशा प्रवासात पैसे घालायचे ते कान नीट बंद करणाऱ्या इयरफोनमध्ये. आजूबाजूचा आवाज आत येऊ देणारे, पाठ उघडी असलेले हेडफोन घरासाठी. आवाज वाढवत नेण्यालाही मर्यादा आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित, तर ९० डेसिबलवर फक्त ४ तास. इगतपुरी ते कसारा घाटातल्या बोगद्यांत नेटवर्क तुटते, तेव्हा गाणी आधी उतरवून घेणे हा कोणत्याही डॅकपेक्षा मोठा उपाय आहे. सीडीच्या दर्जाचा एक तासाचा ध्वनी दाबला नाही तर सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेतो. फ्लॅक स्वरूपात, काहीही न गमावता, त्याच्या निम्म्याच्या आसपास.

ध्वनिमुद्रणाचे उदाहरणही याच गावचे घेता येते. गायक दत्तात्रेय विष्णु पलुसकर (१९२१–५५) यांचा जन्म नाशिकचा. वडील विष्णु दिगंबर यांनी अखेरच्या काळात इथे रामनाम आधाराश्रम काढला होता. द. वि. पलुसकरांच्या हयातीतल्या तबकड्या ७८ फेऱ्यांच्या, एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटांच्या आणि एकवाहिनी आहेत. त्या काळच्या तबकडीवर वरच्या कंप्रता साधारण ८ ते १० किलोहर्ट्झच्या पुढे फारशा उतरत नसत आणि सुईची खरखर तळाशी सतत असे. असा ध्वनी २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये भरून विकला, तरी त्यात खरखरीचेच तपशील वाढतात. १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ त्याला पुरून उरतात. जुनी गायकी ऐकणाऱ्याने पेटीवरच्या ‘हाय-रेस’ शिक्क्यासाठी जादा पैसे मोजू नयेत, असे म्हणण्यात काहीच धाडस नाही. त्याने चांगले हस्तांतर शोधावे: कोणत्या तबकडीवरून, कोणत्या सुईने, किती गाळण लावून केले, यावर गायकाचा गळा जिवंत राहतो की कापसात गुंडाळला जातो हे ठरते.

आता हेडफोन. इथे दोन आकडे पाहावेत: विद्युत् रोध आणि संवेदनशीलता. १ व्होल्ट देणारा साधा डोंगल ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारे ३१ मिलिवॉट शक्ती देतो. हेडफोनची संवेदनशीलता मिलिवॉटला १०० डेसिबल असेल, तर कमाल पातळी ११५ डेसिबलपर्यंत जाते. ती गरजेपेक्षा फारच जास्त. तोच डोंगल ३०० ओहमच्या हेडफोनला ३.३ मिलिवॉटच देऊ शकतो. स्टुडिओतून घरी आलेले असे जड हेडफोन असतील तर २ व्होल्ट किंवा अधिक देणारा डॅक घ्यावा. दाब दुप्पट झाला की पातळी ६ डेसिबलने वाढते. ४.४ मिमी.ची संतुलित जोडणी असलेल्या डोंगलात हा जादा दाब बहुधा त्याच जॅकवर मिळतो, त्यामुळे हेडफोनची तार तशी नसेल तर जाहिरातीतला मोठा आकडा उपयोगाचा नाही. उलट, अनेक सूक्ष्म स्पीकर बसवलेल्या नाजूक इयरफोनला शक्ती नको असते, डॅकचा स्वतःचा रोध कमी हवा असतो. तो इयरफोनच्या रोधाच्या एक अष्टमांशाहून कमी असावा असा ढोबळ नियम आहे. म्हणजे १६ ओहमला २ ओहमच्या आत. नाहीतर खर्ज किंवा तार सप्तक आपोआप पुढेमागे होते. बिनतारी हेडफोनवाल्यांनी ही नोंद इथेच सोडावी. त्यांचा डॅक हेडफोनच्या आतच असतो.

नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरील मोबाइल दुकानांतून वा इतर कुठूनही स्वस्त जॅक घेताना सर्वांत मोठा घोटाळा वेगळाच होतो. काही जॅकमध्ये चिपच नसते, नुसत्या तारा असतात. फोनने स्वतः सदृश ध्वनी सी-टाइप पोर्टमधून बाहेर काढला तरच ते चालतात. आयफोन १५ पासूनचे आयफोन, पिक्सेल आणि सॅमसंगचे अलीकडचे वरच्या श्रेणीतले फोन तसा काढत नाहीत. बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. म्हणून पाकिटावर ‘डॅक’ लिहिले आहे का पाहावे आणि पैसे देण्याआधी आपल्याच फोनवर लावून पाहावे.

चिपच्या नावाला किती महत्त्व द्यावे, याचे उत्तर २०२० च्या ऑक्टोबरमध्ये मिळाले. जपानमधील नोबेओका येथील एकेएम या चिप बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना जळाला आणि कित्येक कंपन्यांना आपली उपकरणे ईएसएस किंवा सिरस लॉजिकच्या चिपवर नव्याने बेतावी लागली. उपकरणे विकली जातच राहिली. एमक्यूए या ध्वनिफाइलींच्या स्वरूपाच्या शिक्क्याची गतही बोलकी आहे: त्याची मालक कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेली, आणि टायडल या सेवेने २०२४ मध्ये ते स्वरूप सोडले. त्यासाठी वेगळी किंमत देण्याचे कारण आता उरलेले नाही.

आज्ञावलीच्या बाजूने विंडोजमध्ये यूएसबी ऑडिओच्या दुसऱ्या श्रेणीचा थेट पाठिंबा २०१७ मध्ये आला, त्यामुळे वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. ॲपल म्युझिकमध्ये ४८ किलोहर्ट्झच्या वरच्या फाइलींना बाहेरचा डॅक लागतो. अँड्रॉइड फोन बरेचदा सगळाच ध्वनी ४८ किलोहर्ट्झवर बदलून पाठवतात. हा बदल टाळून थेट डॅकशी बोलणारी ॲप मिळतात, पण कानाला फरक क्वचितच कळतो. कळतो तो दुसरा दोष: ॲपलचा जॅक कित्येक अँड्रॉइड फोनांवर फारच हळू वाजतो, कारण जॅकच्या आतली ध्वनिपातळी कमी ठेवलेली असते आणि फोनचे बटण तिला हात लावत नाही. थेट डॅकशी बोलणारी हीच ॲप वापरून ती वाढवता येते. तेवढी खटपट नको असेल, तर अँड्रॉइडवाल्याने दुसऱ्या कंपनीचा जॅक घ्यावा. बॅटरी फोनचीच खर्च होते आणि चार्जिंगचे एकमेव पोर्ट अडते. लांबच्या प्रवासासाठी चार्जिंगची वेगळी खाच असलेला डॅक सोयीचा. आखूड तार पोर्टजवळ वाकून तुटते, तेव्हा तार सुटी करून बदलता येणारा नमुना थोडा महाग पडला तरी घ्यावा.