देवाच्या ग्रंथातली सिद्धता

एखाद्या सुंदर सिद्धतेचे कौतुक करताना गणिती मंडळी हटकून देवाचे नाव काढतात. जे एरवी देवळाची किंवा चर्चची पायरी चढत नाहीत, तेही. "ही सिद्धता थेट ग्रंथातली आहे," असे म्हणण्याची त्यांच्यात पद्धतच पडली आहे. हा ग्रंथ कोणता? आणि तर्काखेरीज कशाचेही न ऐकणाऱ्या या विषयात देव आला कुठून?

ग्रंथाची कल्पना पॉल एर्डोश (१९१३-१९९६) या हंगेरियन गणित्याची. देवाजवळ एक ग्रंथ आहे, त्यात प्रत्येक प्रमेयाची सर्वांत सुंदर सिद्धता लिहिलेली आहे आणि माणसाला त्यातले एखादेच पान क्वचित दिसते, असे ते म्हणत. मात्र देवावर विश्वास नसला तरी चालेल, ग्रंथावर हवा, अशी पुस्तीही ते जोडत. देवाच्या अस्तित्वाबद्दल त्यांना स्वतःला शंकाच होती. ते देवाला 'सर्वोच्च फॅसिस्ट' म्हणत. आपले मोजे आणि पासपोर्ट लपवणारा, उत्तम सिद्धता स्वतःजवळ दडवून ठेवणारा हा देव! हा विनोद खरा. पण ज्यांच्या दोन बहिणी त्यांच्या जन्माच्या सुमारासच साथीच्या तापाने दगावल्या आणि ज्यांचे अनेक नातेवाईक नाझी राजवटीत मारले गेले, अशा माणसाचा हा विनोद आहे.

म्हणजे ग्रंथाचा मालक हा पूजाअर्चेचा देव नव्हे. मग त्याचे नाव घेऊन गणिती नेमके काय सांगू पाहतात? एका प्रमेयाचा इतिहास पाहिला की ते उमगेल.

लंडनहून 'एज्युकेशनल टाइम्स' नावाचे शिक्षकांसाठीचे मासिक निघत असे. त्यात गणिताचे प्रश्न छापले जात आणि वाचक उत्तरे पाठवत. १८९३ साली या मासिकात जेम्स जोसेफ सिल्वेस्टर यांनी एक प्रश्न विचारला. तेव्हा त्यांचे वय ७८ होते. याच सिल्वेस्टरना केंब्रिजच्या १८३७ सालच्या गणिताच्या परीक्षेत दुसरा क्रमांक मिळूनही पदवी मिळाली नव्हती. ते ज्यू होते, आणि पदवीसाठी इंग्लंडच्या चर्चची धर्मतत्त्वे मान्य असल्याची सही करावी लागे. धर्माची ही अट १८७१ मध्ये गेली आणि पुढच्या वर्षी त्यांना पदवी मिळाली. देवाविषयी कोण काय मानतो यावर गणित्याची पात्रता ठरत असे, तो काळ फार जुना नाही.

सिल्वेस्टर यांचा प्रश्न सोप्या भाषेत असा. कागदावर काही बिंदू काढा. कितीही काढा, पण त्यांची संख्या मर्यादित हवी आणि ते सगळेच्या सगळे एका रेषेत नसावेत. तर त्यांपैकी नेमक्या दोनच बिंदूंतून जाणारी निदान एक रेषा नक्की असते का? वहीत पाचसहा बिंदू मांडून पाहिले तर अशी रेषा लगेच सापडते. पण कसेही मांडले तरी सापडेलच, हे सिद्ध कसे करायचे?

सिद्धता हाती आली नाही आणि प्रश्न मागे पडला. १९३३ साली हिल्बर्ट आणि कोन-फॉसन यांचे भूमितीचे पुस्तक वाचताना विशीतल्या एर्डोश यांना हाच प्रश्न स्वतंत्रपणे सुचला. हे सहज सिद्ध होईल असे वाटले, पण त्यांना ते जमेना. त्यांनी तो आपला मित्र तिबोर गालाई याला सांगितला आणि त्याने सिद्धता शोधली. १९४१ मध्ये मेल्खियर यांच्या एका निबंधातून वेगळ्या वाटेने तेच निष्पन्न झाले. १९४३ मध्ये एर्डोश यांनी हा प्रश्न एका अमेरिकन गणित मासिकात दिला आणि पुढच्या वर्षी तिथे उत्तरे छापून आली. मग १९४८ मध्ये कॉक्सेटर यांच्या लेखातून एल. एम. केली यांची सिद्धता प्रसिद्ध झाली. ती नववीच्या विद्यार्थ्यालाही समजेल. कागदावर आकृती काढत पुढे वाचावे.

दिलेल्या बिंदूंपैकी दोन किंवा अधिक बिंदूंतून जाणाऱ्या सर्व रेषा काढा. आता एक रेषा आणि त्या रेषेवर नसलेला एक बिंदू, अशा सर्व जोड्या विचारात घ्या. या जोड्या मर्यादितच आहेत, म्हणून त्यांपैकी एखादीत बिंदूचे रेषेपासूनचे लंबांतर सर्वांत कमी असणार. ती जोडी निवडा. तिच्यातली रेषा 'र' आणि बिंदू 'प' म्हणू. 'प' मधून 'र' वर टाकलेल्या लंबाचा पाद 'ल' म्हणू.

आमचा दावा असा की 'र' वर दिलेल्यांपैकी दोनच बिंदू आहेत. समजा, तीन किंवा अधिक आहेत. 'ल' मुळे रेषेच्या दोन बाजू होतात, तेव्हा निदान दोन बिंदू 'ल' च्या एकाच बाजूला येणार. (त्यांतला एक खुद्द 'ल' वर असला तरी चालेल.) जवळचा 'क' आणि लांबचा 'ख' म्हणू. आता 'प' आणि 'ख' जोडा. 'पलख' हा काटकोन त्रिकोण आहे. 'ल' पासून कर्ण 'पख' वर टाकलेला लंब 'पल' या बाजूपेक्षा लहान असतो. 'क' हा 'ल' वर किंवा 'ल' आणि 'ख' यांच्या मध्ये आहे, म्हणून 'क' चे 'पख' पासूनचे अंतर त्या लंबाहून जास्त असू शकत नाही. म्हणजे ते 'पल' पेक्षा कमीच. पण 'पल' हे तर सर्वांत कमी अंतर म्हणून निवडले होते! ही विसंगती आली, म्हणून 'र' वर दोनच बिंदू आहेत. सिद्धता संपली.

ही सिद्धता वाचून विद्यार्थी "बरोबर आहे" एवढेच म्हणत नाहीत, "असं होय!" म्हणतात. या दोन उद्गारांतला फरक म्हणजेच ग्रंथ. नकाशा चार रंगांत रंगवता येतो हे प्रमेय ॲपेल आणि हाकेन यांनी १९७६ मध्ये संगणकाकडून हजाराहून अधिक आकृत्या तपासून घेऊन सिद्ध केले. प्रमेय खरे ठरले, पण ते खरे का, हे त्या तपासणीतून डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून ती सिद्धता ग्रंथातली असे सहसा कोणी म्हणत नाही. सत्य आणि उमज या दोन गोष्टी आहेत, आणि ग्रंथ आहे तो उमजेचा.

देवाचे नाव का, याचेही उत्तर इथेच मिळते. अशा सिद्धतेत काही घालता येत नाही, काही काढता येत नाही. ती कोणी रचली असे वाटतच नाही; ती आधीपासून होतीच, कोणाला तरी दिसली, असे वाटते. माणसाच्या हातचे वाटत नाही ते सहज देवाच्या नावावर जाते. आस्तिक असो वा नास्तिक, हे वाटणे दोघांनाही सारखेच.

आपल्याकडे या संदर्भात रामानुजन आठवतात. नामक्कलच्या नामगिरी देवीच्या कृपेने आपल्याला सूत्रे सुचतात असे ते मानत. पण ती श्रद्धा सूत्र कुठून आले याविषयी होती. त्या सूत्रांच्या सिद्धता मागणारे त्यांचे केंब्रिजमधले सहकारी हार्डी पक्के नास्तिक होते. एर्डोश यांच्या ग्रंथात नुसते सूत्र चालत नाही, कारण लागते. त्यामुळे इथे देव म्हणजे पुरावा नव्हे, तो सिद्धतेचा दर्जा मोजण्याचा माप आहे.

या भाषेत एक धोकाही आहे. 'देवाची सिद्धता' म्हटले की विद्यार्थ्याला वाटते, हे मोजक्या प्रतिभावंतांना एका क्षणात दिसत असणार, आपले ते काम नव्हे. वरचा इतिहास वेगळेच सांगतो. प्रश्न विचारल्यापासून ते पान दिसेपर्यंत ५५ वर्षे गेली. मधल्या सिद्धता चूक नव्हत्या, फक्त लांबच्या वाटेच्या होत्या. आणि केली यांच्यानंतरही काम थांबले नाही. मूळ प्रश्नात फक्त बिंदू आणि रेषा आहेत, मग अंतर कशाला हवे, असा विचार करून कॉक्सेटर यांनी 'दोन बिंदूंच्या मध्ये असणे' एवढ्याच कल्पनेवर उभी असलेली सिद्धता दिली. यांतली ग्रंथातली कोणती? माणसांचे यावर एकमत होईलच असे नाही.

एर्डोश यांच्या निधनानंतर १९९८ मध्ये ऐग्नर आणि त्सिग्लर यांनी अशा सिद्धतांचे एक पुस्तक काढले. केली यांची सिद्धता त्यात आहे. एका प्रश्नाचा प्रवास शिक्षकांच्या मासिकातून सुरू होऊन तिथवर पोचला. तेव्हा वर्गात एखादे प्रमेय सिद्ध झाल्यावर फळा लगेच पुसू नये. "बरोबर आहे, पण याहून सरळ वाट असेल का?" एवढे विचारून थोडा वेळ थांबावे.